माझं सिंगल छप्पर

"आमच्या घरावर पत्रा येणार नाही," हे वाक्य मी कमालीच्या ठामपणे म्हणालो. दुर्दैवाने ते म्हणताना माझ्या एका हातात पोह्यांची बशी होती आणि दुसऱ्या हाताने मी शेंगदाणे बाजूला काढत होतो. म्हणूनच बहुधा दीप्तीने ते मनावर घेतलं नाही.

झालं होतं असं की गारपिटीने आमची कौलं फोडली होती. छप्परच बदला, असं इन्शुरन्सवाल्यांनी सांगितलं. अशा वेळी ऑस्ट्रेलियातल्या आमच्या स्प्रिंगफील्ड लेक्समधला समंजस माणूस पत्रा घालतो. इथे पत्र्याला पत्रा म्हणत नाहीत, त्याला भारदस्त नावं असतात आणि त्याच्या रंगांना तर त्याहून भारदस्त. दीप्तीने राखाडीच्या सतरा छटांमधून एक राखाडी निवडूनही ठेवला होता.

आता दीप्तीला पत्रा म्हणजे काय ते कळणार नाही. ती कोथरूडच्या स्लॅबखाली वाढली. मी इचलकरंजीचा. आमच्याकडे पत्रा सायकल स्टँडवर असतो, पिठाच्या गिरणीवर असतो, मोतीवर असतो. मोती म्हणजे आमचा कुत्रा. एखाद्या स्थळाबद्दल "त्यांचं पत्र्याचं घर आहे" असं कुणी म्हणालं की आमच्या आत्या पुढचा चहा न घेता उठायच्या. आणि मी, समुद्र ओलांडून, पीआर मिळवून, सीनियर स्ट्रक्चरल इंजिनिअर होऊन शेवटी पत्र्याखाली झोपायचं? छे!

शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणाला बोललो नव्हतो. या घरातलं काहीही माझ्या पसंतीचं नव्हतं. टाइल्स दीप्तीच्या, पडदे दीप्तीचे, सोफा दीप्तीच्या मैत्रिणीचा सल्ला, मुलीचं शाल्मली हे नाव दीप्तीच्या आजीचं. मी एकदा आंघोळीच्या मगाचा रंग सुचवला होता, तेव्हा "तू राहू दे रे" असं प्रेमाने म्हणून तिने अख्खा मग बदलला होता. त्यामुळे छप्पर माझं असलं पाहिजे, हे माझ्या मनाने घेतलं. एवढ्या मोठ्या घरात एक गोष्ट तरी दाखवून "हे मी ठरवलं" म्हणता यावं, एवढीच माझी इच्छा. ती काही फार मोठी होती असं मला अजूनही वाटत नाही.

न्यू जर्सीला माझा चुलतभाऊ हृषीकेश राहतो. त्याच्याकडे गेलो असताना मी त्याच्या गल्लीतली छपरं पाहिली होती. सगळी शिंगल्सची. डांबर लावलेल्या, वर खरखरीत भुकटी चिकटवलेल्या पातळ चौकोनी तुकड्यांची, एकावर एक सरकवून ठोकलेली. घरावर कसं भारदस्त दिसतं ते! मी ठरवलं, हेच. दीप्ती म्हणाली, "अरे, पण इथे कुणाकडेच नाहीये तसलं." मी म्हणालो, "तेच तर!" तिची तेव्हा हॉस्पिटलमध्ये डबल शिफ्ट चालू होती आणि भांडायला अंगात त्राण नव्हतं. "घाल तुझ्या मनाने," ती म्हणाली, "पण गळलं ना, तर मी पत्रा घालणार, आणि मग एक शब्द बोलायचा नाहीस." मी हात पुढे केला. तिने माझ्या हातातली पोह्यांची बशी घेतली आणि सिंकमध्ये ठेवली. माझ्या मते करार झाला.

बातमी पसरली. समोरच्या ट्रेवरने कुंपणावरून मान बाहेर काढली. ट्रेवर रिटायर झाला आहे आणि लोकांच्या कामांवर देखरेख करणं हा त्याचा पूर्णवेळ उद्योग आहे. माझं चंद्रहास हे नाव त्याला पहिल्याच दिवशी जड गेल्यामुळे त्याने त्याचं चॅझा केलं होतं. "चॅझा, मेट, क्वीन्सलँडच्या उन्हात डोक्यावर रस्ता घालून घेतोयस?" असं तो म्हणाला आणि स्वतःच इतका हसला की त्याची बायको काय झालं म्हणून बाहेर आली. तिलाही त्याने तेच सांगितलं. तीही हसली.

आमच्या मराठी मंडळाचा प्रल्हाद त्याहून वाईट. प्रल्हाद आयटीत आहे, पण त्याला सगळ्यातलंच कळतं. "म्हणजे डांबरी कागद?" त्याने विचारलं. "अरे, आमच्या मामाच्या गोठ्यावर होता की! वर दगड ठेवायला लागायचे." मी त्याला शांतपणे फायबरग्लासचा थर, सिरॅमिकचे कण, वाऱ्याचं रेटिंग वगैरे समजावलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दगड ठेवणार का नाही?"

आमची वसाहत पेलिकन राइज. तिथे पेलिकन नाही आणि चढही नाही, पण कमिटी आहे. घराच्या बाहेरच्या अंगाचं काहीही बदलायचं तर कमिटीची परवानगी लागते. त्यांच्या यादीत छपराचे दोनच प्रकार होते, कौल आणि पत्रा. मी शिंगल लिहिल्यावर त्यांनी 'कौलासारखं आहे का पत्र्यासारखं' असं विचारलं. मी लिहिलं, दोन्हींसारखं नाही. त्यांनी कळवलं, मग तिसरा रकाना नाही. मी लिहिलं, रकाना वाढवा. त्यांनी कळवलं, रकाना वाढवण्याचा प्रस्ताव वार्षिक सभेत येतो. मी वार्षिक सभेला गेलो. सूटमध्ये. बाकीचे सगळे शॉर्ट्स आणि चपलांमध्ये आले होते, त्यामुळे पहिली दहा मिनिटं सर्वांना मी काहीतरी विकायला आलोय असं वाटलं. पण शेवटी ठराव पास झाला. कुणी विरोध केला नाही, कारण बाहेर सॉसेज भाजून तयार झाले होते.

छप्पर घालायला मिळाला डॅरेन उर्फ डॅझा. अख्ख्या इप्सविचच्या बाजूला शिंगल ठोकलेला हा एकच माणूस, आणि त्यानेही ते पूर्वी एका मिनी गोल्फच्या राजवाड्यावर ठोकले होते. आधी प्लायवूड, मग काळा फेल्ट, मग खालच्या कडेपासून वर वर शिंगल्सच्या ओळी. मी इंजिनिअर असल्यामुळे खाली उभा राहून सूचना देत होतो. डॅझा प्रत्येक सूचनेला "नो वरीज" म्हणायचा आणि कानाला लावलेला रेडिओ मोठा करायचा. काम झालं तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन घराकडे पाहिलं. कोळशासारखं काळं, वर ऊन चमकत होतं. मला भरून आलं. खरंच आलं. मी दीप्तीला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला.

त्या दिवसापासून मी घरात फर्मान काढलं. छपरावर कुणीही पाय ठेवायचा नाही. वरचे कण निघाले तर वॉरंटी जाते. बॉल गेला तर बॉल विसरा, मांजर गेलं तर मांजर विसरा. शाल्मली म्हणाली, "डॅड, वी डोन्ट हॅव अ कॅट." मी म्हणालो, मुद्दा तो नाही.

सप्टेंबरात सासूबाई आल्या. सुहासिनी काळे, निवृत्त मुख्याध्यापिका, वय सत्तरीच्या पुढे, गुडघे सोडून सगळं शाबूत. सहा महिने राहणार होत्या. वरच्या मजल्यावरची खोली त्यांना दिली, जिची खिडकी गॅरेजच्या आणि दिवाणखान्याच्या बुटक्या छपरावर उघडते. मी त्यांना मुद्दाम खिडकीशी नेऊन छप्पर दाखवलं आणि फर्मानही वाचून दाखवलं.

"काय म्हणालात याला?"

"शिंगल."

"बरं बरं," त्या म्हणाल्या आणि वाकून हाताने चाचपून पाहिलं. "अगंबाई! तव्यासारखं तापलंय की!"

हा दोषच म्हणून सांगतायत असं समजून मी उष्णतावहन समजावायला लागलो. त्यांचं लक्ष नव्हतं. त्या आकाशाकडे बघत होत्या. संध्याकाळी त्यांचा पुण्याला फोन चालू होता तो माझ्या कानावर आला. "हो, जावयांनी सिंगल छप्पर घातलंय. नाही गं, डबल नाही. सिंगलच." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "आता ते मी कसं विचारणार? असेल काही अडचण." दुसऱ्या दिवशी त्यांच्या भावाचा मला मेसेज आला, काही मदत लागली तर संकोच करू नका.

तरी सासूबाई आल्यापासून घरात एक सुख होतं. जेवायला रोज काहीतरी तळलेलं. कधी कुरडई, कधी साबुदाण्याची पापडी, कधी बटाट्याचा कीस. "आई, काय फुललीय कुरडई! आणि एक वेगळाच खमंग वास आहे बघा. पुण्यातसुद्धा अशी मिळत नाही," मी म्हणायचो. सासूबाई लाजून आणखी दोन वाढायच्या. आता तुम्ही म्हणाल, आल्या दिवशी त्यांच्या बॅगा उघडून मीच सगळं सामान लावलं होतं आणि त्यात कुरडया नव्हत्या, मग माझ्या डोक्यात प्रश्न कसा आला नाही? तर नाही आला. तळलेली कुरडई समोर आल्यावर तिचा पत्ता विचारण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

आणि मग काकाकुवे आले.

भारतात काकाकुवा म्हणजे सर्कशीतला पाहुणा. इथे ते गुंडांसारखे टोळीने हिंडतात. पांढरेशुभ्र, डोक्यावर पिवळा तुरा, आवाज गंजलेल्या फाटकाचा. एका सकाळी ऑफिसला निघालो तर एक आमच्या गॅरेजवर बसलेला. दुसऱ्या दिवशी सहा. आठवड्याभरात पूर्ण छप्पर पांढरं. आणि फक्त आमचंच! डावीकडच्या पत्र्यावर एक नाही, उजवीकडच्या कौलावर एक नाही. ते माझे शिंगल्स चोचीने उचकटायचे, त्याचा तुकडा पायात धरून माझ्याकडे बघत चावायचे आणि खाली टाकायचे. "त्यांना आवडलं नाही छप्पर," ट्रेवर म्हणाला. प्रल्हादने सल्ला दिला की प्लास्टिकचं घुबड बसव. मी बसवलं. दुसऱ्या दिवशी घुबडाचं डोकं ड्राइव्हवेवर पडलं होतं.

त्याच सुमाराला कमिटीची ईमेल आली. 'आपल्या छपराच्या पुढील भागावर फिकट रंगाची गोल नक्षी काढलेली आढळली. मंजूर रंगात ती बसत नाही.' सोबत लांबून काढलेला धूसर फोटो. काळ्या छपरावर पांढरे ठिपके, अगदी रांगेत. मी खवळलो. ती नक्षी नसून पक्ष्यांची विष्ठा आहे, आणि पेलिकन राइजच्या कमिटीला पक्ष्यांना शिस्त लावता येत नसेल तर रहिवाशांना लावू नये, असं सणसणीत उत्तर लिहिलं. त्यांनी नम्रपणे कळवलं की विष्ठा इतक्या समान अंतरावर पडत नाही. यावर मी त्यांना शुभ दीपावली लिहिलं.

दीपावली जवळ आलीच होती. इथे दिवाळीत उन्हाळा सुरू होतो आणि उन्हाळ्याबरोबर संध्याकाळची वादळं. फराळाला मंडळातली बरीच मंडळी आमच्याकडे होती. गप्पा रंगल्या होत्या, प्रल्हाद मधल्या खुर्चीत बसून भाजणीच्या चकलीवर व्याख्यान देत होता, आणि बाहेर एकदम काळोख होऊन पाऊस कोसळला. मी मुद्दाम सगळ्यांना म्हणालो, "बघा, पत्रा असता तर आत्ता एकमेकांचं बोलणं ऐकू आलं नसतं." खोलीत शांतता पसरली, सगळे माझं छप्पर ऐकायला लागले. त्या शांततेत टप्प असा आवाज झाला. प्रल्हादच्या चिवड्यात. मग परत टप्प. प्रल्हादने वर पाहिलं, तर तिसरा थेंब त्याच्या चष्म्यावर.

"दगड ठेवायला हवे होते रे," तो म्हणाला.

लोक इतके हसले की मला हसल्यासारखं करावं लागलं. दीप्ती हसली नाही. तिने शांतपणे प्रल्हादची खुर्ची सरकवली, तिथे पुरणाचं पातेलं ठेवलं आणि माझ्याकडे बघून फक्त भुवया उचलल्या. रात्री भांडी आवरताना म्हणाली, "न बोलायचं तुझं ठरलं होतं, पण मीच बोलत नाहीये." तिचं न बोलणं दोन खोल्या पलीकडे ऐकू येत होतं.

मी म्हणालो, छप्पर चांगलं आहे, काहीतरी वेगळं कारण आहे. वॉरंटीवाले येऊन तपासतील. दीप्ती म्हणाली, "ठीक. ती लोकं म्हणाली की छप्पर चांगलंय, दोष दुसऱ्या कशाचा आहे, तर तुझं छप्पर राहील. नाहीतर पत्रा." एवढं साधं, सरळ.

वॉरंटीवाल्यांची वाट बघण्यापेक्षा मी स्वतःच दुरुस्ती करून टाकायची ठरवली. पुरुषाला कधीतरी असं वाटतं. व्हिडिओ पाहिला. वरचा शिंगल हलकेच उचलायचा, खालचा फाटका काढायचा, नवा सरकवायचा, खिळे मारायचे आणि काळ्या डांबरी लगद्याने चिकटवायचं. व्हिडिओतला माणूस हे करताना शीळ घालत होता. ढगाळ रविवार बघून मी शिडी लावली. माझंच फर्मान मोडून वर गेलो. छपरावर ठिकठिकाणी पांढरट काहीतरी घट्ट चिकटलं होतं, ते मी खरवडायला गेलो तर निघेना. काकाकुव्यांचं पोट इतकं बिघडलंय याची मला किंचित दया आली. मग शिंगल सरकवला, लगदा लावला, आणि काम कसं झालं ते निरखायला टेकलो. लगद्यावर टेकलो. उठायला गेलो तर मी उठत होतो, पँट उठत नव्हती.

पुढचं थोडक्यात सांगतो. ट्रेवरने शिडी धरली. ट्रेवरच्या बायकोने टॉवेल दिला. पँट वरच राहिली. कमिटीची ईमेल सोमवारी सकाळी आली, विषय: छपरावरील वस्त्र.

अखेर वॉरंटीवाल्या कंपनीच्या लीॲन बाई आल्या. उंच, उन्हाने रापलेल्या, सगळ्यांना 'लव्ह' म्हणणाऱ्या. मी त्यांना फाइल दाखवायला घेतली. त्या फाइलकडे न बघता सरळ शिडी चढल्या. मी शिडीच्या मध्यावर, दीप्ती खाली हाताची घडी घालून. ट्रेवर त्याच्या खुर्चीत, बिअर घेऊन. आता या बाई काय म्हणतात त्यावर या घरात माझं काही उरणार की नाही ते ठरणार होतं.

"शिंगल्स चांगले आहेत," लीॲन वरून म्हणाल्या. "ठोकलंयही नीट." मी विजयी मुद्रेने खाली दीप्तीकडे पाहिलं. "पण पक्षी इतके कशाला येतील? ते खाण्यामागे येतात, लव्ह." मग त्यांनी पँटच्या बाजूला वाकून खिशातल्या सुरीने एक पांढरी चकती डांबरातून उचकटली आणि माझ्या हातात दिली. "व्हॉट्स दिस? सम काइंड ऑफ सीलंट?"

मी चकती उन्हात धरली. गोल, अर्धपारदर्शक, कडेला जरा जाड. आणि मधोमध एक जिरं.

सीलंटने फटी बुजवतात, त्यात जिरं घालत नाहीत. मी मान वर केली. खिडकीत सासूबाई उभ्या होत्या, एका हातात पळी. आमची नजरानजर झाली आणि त्या खिडकीआड खाली बसल्या.

"एक मिनिट," मी लीॲनना म्हणालो, शिडी उतरलो, दीप्तीला ओलांडून जिना चढलो. खोलीत शिरलो. पलंगाच्या पायाला एक जुनं नऊवारी पातळ बांधलेलं, त्याचं दुसरं टोक घाईने ओढून खिडकीच्या काठावर गोळा केलेलं. पलंगावर वर्तमानपत्रं, वर्तमानपत्रांवर कुरडया, खाली डब्यात शिजवलेला साबुदाणा, स्टुलावर सोऱ्या. सासूबाईंनी अपराधी शाळकरी मुलीसारखी पळी पाठीमागे नेली. मुख्याध्यापिकेचा तो चेहरा बघायला त्यांच्या शाळेतल्या पिढ्या तरसल्या असतील.

"पाय नाही ठेवला हो," त्या घाईघाईने म्हणाल्या. "तुम्ही पाय म्हणाला होतात. आधी प्लास्टिक घातलं, ते वितळलं, पापड्यांच्या रांगा तिथेच चिकटल्या. मग पातळ. पापड्या घालायच्या आणि पातळ खाली सोडायचं, घालायच्या आणि सोडायचं. संध्याकाळी ओढून घ्यायचं. चार-दोन सुटायच्या, त्या तिथेच."

"आई, पण सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर घालू दिल्या असत्या?" त्या क्षणभर गप्प झाल्या. "चंद्रहास, खरं सांगू? तुमच्या छपरासारखं छप्पर मी जन्मात पाहिलं नाही. पुण्याला गच्चीवर दोन-तीन दिवस लागतात, त्यातून कबुतरं. इथे सकाळी घातल्या की दुपारच्या चहाला कडकडीत. मी पुण्याला सगळ्यांना सांगितलं, सिंगल असलं म्हणून काय झालं, हिरा आहे. दीप्तीलाही म्हणणार होते, पत्रा घालू नकोस म्हणून. पण मग कारण सांगायला लागलं असतं."

ट्रेवर, प्रल्हाद, कमिटी, बायको, पोटची मुलगी, घुबडाचं डोकं उडवणारे पक्षी, एवढ्या सगळ्यांनी नावं ठेवलेल्या माझ्या छपराची तारीफ करणारं अख्ख्या ऑस्ट्रेलियात एकच माणूस होतं. आणि त्याच माणसाने त्याची वाट लावली होती.

"चंद्रहास!" खालून दीप्ती ओरडली. "काय आहे ते? काय सापडलं?"

एक वाक्य पुरलं असतं. 'छप्पर चांगलंय, तुझ्या आईने त्याच्यावर वाळवण घातलं.' मी जिंकलो असतो, सगळ्या गल्लीसमोर. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, पळी अजून पाठीमागेच. त्यांना लेकीची भीती वाटते. मलाही वाटते, त्यामुळे ती भीती मी लगेच ओळखली.

मी खाली गेलो. "मी," मी म्हणालो. "मी काकाकुव्यांना खायला घालत होतो. वरून."

"तू?" दीप्ती म्हणाली. "तू पक्ष्यांना? तू ते प्लास्टिकचं घुबड आणलंस ना?"

"ते... त्यांना सोबत म्हणून."

शिडी उतरून आलेल्या लीॲनना मी तेच इंग्रजीत सांगितलं, तेव्हा त्यांनी उसासा टाकला. "वन्य पक्ष्यांना खाऊ घातलं तर वॉरंटी बाद, मेट. सॉरी." दीप्तीने फोन काढला आणि पत्रेवाल्याचा नंबर शोधायला लागली. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद असता तर बरं झालं असतं. तिथे नुसती काळजी होती, नवऱ्याचं डोकं फिरलंय का अशी. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्या क्षणी मला माझं फार वाईट वाटलं आणि थोडं कौतुकही वाटलं.

तेवढ्यात सासूबाई जिना उतरून आल्या. एक एक पायरी, गुडघ्याला हात लावत. हातात बशी. बशीत सकाळी तळलेल्या साबुदाण्याच्या पापड्या. त्यांनी ती सरळ लीॲनपुढे धरली. "प्लीज टेक," त्या म्हणाल्या. लीॲननी एक उचलली, चावली, आणि त्यांचे डोळे मोठे झाले. मग त्यांनी माझ्या हातातल्या चकतीकडे पाहिलं. मग बशीकडे. मग चकतीतल्या जिऱ्याकडे, बशीतल्या जिऱ्याकडे.

"ओह, लव्ह," त्या म्हणाल्या, "इट्स अ चिप!"

दीप्तीने चकती माझ्या हातातून घेतली. वर खिडकीकडे पाहिलं, तर नऊवारी वाऱ्यावर उडत होतं. "आई!"

"मीच," सासूबाई वर्गात हजेरी घ्यायच्या आवाजात म्हणाल्या. "ते खोटं बोलतायत. आणि आता नीट ऐक. घरावर काय घालायचं ते घाल, वर पत्रा घाल, नाहीतर सोन्याचं घाल. पण या खिडकीखालचं छप्पर जावयांचं आहे, ते तसंच राहील. त्याला हात लावलास तर पुढच्या वर्षी मी येत नाही."

दीप्तीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या ओठाचा कोपरा हलायला लागला, आणि मग ती ड्राइव्हवेवर बसून इतकी हसली, इतकी हसली, की ट्रेवर बिअर घेऊन रस्ता ओलांडून आला आणि त्यानेही बशीतली एक पापडी उचलली.

तसंच झालं. वरच्या मजल्यावर पत्रा आला. राखाडी, सतरापैकी एक. गॅरेजवर आणि दिवाणखान्यावर डॅझाने शिंगल्स पुन्हा बसवून दिले, रेडिओ लावून. कमिटीने एका घरावर दोन प्रकारची छपरं बसत नाहीत असं कळवलं. यंदा वार्षिक सभेला सासूबाई माझ्याबरोबर आल्या, डबा घेऊन. ठराव पास झाला, आणि सॉसेज उरले.

फक्त एक अट दीप्तीने घातली. वाळवण घालायचं असेल तर काकाकुव्यांवर राखण बसवायची. राखण म्हणजे काठी घेऊन पक्षी हाकलणं. आमच्याकडे हे काम घरातल्या सगळ्यांत निरुपयोगी माणसाकडे असायचं, सहसा नापास झालेल्या भाच्याकडे. घरून काम करायच्या दिवशी मी वरच्या खोलीत खिडकीपाशी बसतो. एका हातात माऊस, एका हातात पडद्याचा दांडा. परवा मेलबर्नच्या क्लायंटबरोबर पुलाच्या खांबांवर चर्चा चालू असताना एक गुंड अगदी कुरडईपाशी आला. मी म्यूट करायला विसरलो. "हुशऽऽ! चल हट, मेल्या!" क्लायंट म्हणाला, "चॅझा, इज दॅट अ नो?"

पाठीमागे सासूबाई पातळ सोडत होत्या आणि फोन खांद्याला लावून पुण्याला बोलत होत्या. पलीकडून बहुतेक छपराचीच चौकशी झाली असावी.

"छे गं, सिंगल नाही आता," त्या म्हणाल्या. "डबल झालं. अर्धं पत्र्याचं आणि अर्धं आमच्या जावयांचं."